गाळलेलं झायलिन चालतं, अल्कोहोलचं मात्र जपून

बायोप्सीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली जाण्याआधी बहुतेक वेळा रात्रभर टिश्यू प्रोसेसर नावाच्या यंत्रात असतो. त्याचे ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप घ्यायचे तर त्यातलं पाणी काढून तिथे मेण भरावं लागतं. पाणी आणि मेण एकमेकांत मिसळत नाहीत. म्हणून तुकडा आधी चढत्या तीव्रतेच्या इथेनॉलमधून (म्हणजे अल्कोहोलमधून) जातो, मग इथेनॉल आणि मेण दोन्हींत मिसळणाऱ्या झायलिन या द्रवातून, आणि शेवटी सुमारे ६० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या मेणात. दर टप्प्याला मागचा द्रव थोडा पुढच्यात जातो आणि सगळेच हळूहळू मळतात. झायलिन विषारी, आणि इथेनॉल व झायलिन दोन्ही ज्वलनशील. गटारात ओतायची सोय नाही. मग ते ऊर्ध्वपातनाने, म्हणजे उकळवून आणि वाफ पुन्हा थंड करून, गाळून शुद्ध करून परत का वापरू नयेत?

झायलिनच्या बाबतीत हे बऱ्यापैकी सोपं आहे. ते १३८ ते १४४ अंशांना उकळतं. त्यात आलेलं इथेनॉल ७८ अंशांच्या आसपास आधीच निघून जातं, मेण आणि चरबी तळाशी उरतात.

खरी अडचण इथेनॉलची. वजनाने सुमारे ९५.६ टक्के इथेनॉल आणि उरलेलं पाणी असं मिश्रण झालं की दोन्ही एकत्रच उकळतात. मग कितीही वेळा साधं ऊर्ध्वपातन करा, त्यापुढे शुद्धता जात नाही. पुढचं पाणी काढायला रेणवीय चाळणीसारखा (पाण्याचे रेणू धरून ठेवणारे सच्छिद्र कण) वेगळा उपाय लागतो. म्हणून माझ्या मते गाळलेलं इथेनॉल सुरुवातीच्या टप्प्यांना वापरावं आणि शेवटच्या निर्जल टप्प्याला नवंच. तिथे पाणी राहिलं तर झायलिन आत शिरत नाही, मागोमाग मेणही नाही. तुकड्याचा गाभा मऊ राहतो, काप फाटतात. आणि रुग्णाच्या शरीरातून तोच तुकडा पुन्हा काढता येत नाही!

तपासणीला हायड्रोमीटर वापरतात, पण तो फक्त घनता मोजतो. इथेनॉलमध्ये झायलिन मिसळलेलं असलं तरी घनता वाढते, आणि हायड्रोमीटर ते पाणी समजून बसतो. घनतेवरून द्रवाचा दर्जा ठरवणाऱ्या यंत्रांचीही अशीच फसगत होऊ शकते. त्यापेक्षा थोड्या नमुन्यात पाणी घालून बघावं: दुधाळ झालं, तर झायलिन आहे. फॉर्मालिनमधून (तुकडा आधी ज्यात टिकवून ठेवतात त्या द्रावणातून) आलेलं मिथेनॉल या चाचणीत दिसत नाही. ते ६५ अंशांना उकळतं, म्हणून ऊर्ध्वपातनात सुरुवातीला येणारा भाग वेगळा काढतात. नवी खेप रुग्णांच्या तुकड्यांना लावण्याआधी निदान झालेल्या, शिल्लक ऊतींवर चालवून काप कसे येतात ते पाहतात.