बाल्साचं विमान : पंख बोर्डावरून उचलायची घाई करू नका

राजेहो, बाल्सा या हलक्या लाकडाचं, रबरावर उडणारं विमान जोडायचं किट आमच्या दुकानातून नेलं की आठ-दहा दिवसांनी फोन येतोच, "भाऊ, विमान सोडलं की गर्रकन एका बाजूला वळते अन् नाक खुपसते, किटच खराब निघालं." मी म्हणतो, पंख घेऊन या. पंख आला की मागच्या बाजूनं डोळ्यासमोर धरतो, आणि बहुतेक वेळा एक टोक पिळलेलं दिसते. मागची कड दोन-तीन मिलीमीटर जरी खाली गेली तरी तेवढी बाजू जास्त उचलल्या जाते आणि विमान दुसरीकडे कलते. इंजिन नाही, पुढचा पंखा फिरवायला गुंडाळलेलं रबर आहे, त्याच्यात सावरायचा जोर नसतो.

हा पीळ किटमधून येत नाही, घाईतून येतो. फेविकॉल अर्ध्या तासात वरून सुकल्यासारखा वाटतो म्हणून पोट्टे टाचण्या काढून पंख उचलतात, पण आतलं पाणी अजून लाकडातच असते, आणि बाल्सा पाणी पिऊन फुगते अन् सुकताना आक्रसते, मग ज्या बाजूला फेविकॉल जास्त तिकडं ओढल्या जाते. टाचण्या लावून रात्रभर राहू द्या, खरं तर पूर्ण एक दिवस. पोळ्याच्या आसपास हवेत ओल असते तेव्हा दोन रात्री. खाली काय आहे तेही पाहा, दिवाणावर पेपर टाकून केलेला पंख सरळ येतच नाही. कडप्प्याचा ओटा किंवा टाइल्सची फरशी घ्या, त्यावर जाड थर्माकोल, हाच आपला बोर्ड, त्यावर पंखाचा नकाशा म्हणजे आराखडा, आणि नकाशावर पातळ पॉलिथिन, नाहीतर पंख कागदालाच चिकटते.

दुसऱ्यांदा हीच चूक पंखाच्या सांगाड्यावर पातळ टिश्यू कागद लावल्यावर होते. टिश्यूवर पाणी फवारलं की तो ताणून बसतो, ते छान दिसते, पण त्याच ताणानं सांगाडा वळतो. फवारल्यावर पंख परत बोर्डावर टाचायचा, कडांखाली छोटे तुकडे ठेवून, म्हणजे कागद बोर्डाला चिकटणार नाही.

पिळला असेल तर फेकू नका. चहाच्या भांड्याची वाफ लांबून द्या, उलट्या बाजूला जरासा जास्तच पिळून धरा, थंड होईस्तोवर सोडू नका. वाफेनं हात भाजते, लहान लेकराला एकटं करू देऊ नका.

"फेविक्विक का देत नाही?" हेही विचारतात. तो बाल्सात लगेच मुरते, सांधा कडक होते पण ठिसूळ, घासताना बाजूचं मऊ लाकूड आधी झिजते, आणि मुख्य म्हणजे फासळी, म्हणजे पंखाला आकार देणारी पट्टी, वाकडी बसली तर सरळ करायला वेळच देत नाही. म्हणून किटमध्ये नाही, आणि देणारही नाही.

लाकूड नाजूक आहे असं काही जण म्हणतात. ज्यानं लहानपणी ज्वारीच्या धांड्याची बैलगाडी केली त्याला याची नवलाई नाही, हलकं अन् तरी ताठ. बाल्साचं वजन घनमीटरला साधारण 160 किलो, सागवान साडेसहाशेच्या घरात. दुसऱ्या महायुद्धातल्या मॉस्किटो विमानाचं धड याच लाकडाच्या पाट्यांना दोन्हीकडून प्लाय लावून बांधलं होतं. आमच्याकडं येणारी प्रत्येक पाटी आम्ही तोलून घेतो, जड ती शेपटीला जात नाही, कारण शेपटी जड झाली की नाकात माती भरून वजन वाढवत बसावं लागते. म्हणून आमचं किट थोडं महाग पडते.

जोडलेला पंख बदलून मिळत नाही, पण सुटा पंखाचा सेट वेगळा मिळतो, पूर्ण किट परत घ्यायची गरज नाही. टाचण्या अन् जाड थर्माकोलही ठेवतो. पहिल्यांदा विमान सोडायचं तर हरभरा निघाल्यावरचं मोकळं शेत घ्या, सकाळी सूर्य तापायच्या आत, नंतर वारा सुटते. आणि रबर न गुंडाळता आधी नुसतं हातानं ढकलून पाहा.

शंका असेल तर रविवारी सकाळी पंख घेऊन दुकानात या, पाहून देतो, त्याचे पैसे लागत नाहीत. फक्त कागद लावायच्या आधी आणा, नंतर हात घालायला जागा राहत नाही.