गॉड्रो 'गेला' आणि कचक 'गेला', पण दोघं एकसारखे गेले नाहीत

"मामा, गॉड्रोला कितीला विकला?" २०२२ च्या जुलैत माझ्या भाच्यानं सांगलीहून व्हॉट्सअॅपवर विचारलेलं. दोन महिन्यांनी तो इकडे कॅनडात कॅलगरीला शिकायला येणार होता, म्हणून गावाची माहिती काढताना त्यानं कॅलगरी फ्लेम्सच्या, म्हणजे इथल्या हॉकी टीमच्या, बातम्या वाचायला घेतलेल्या, आणि डोक्यात आयपीएल असल्यामुळे प्लेअर इकडून तिकडे गेला म्हणजे कोणीतरी विकला आणि कोणीतरी घेतला एवढाच त्याचा हिशोब. मी लिहिलं, विकला नाही रे, तो गेला. तर म्हणे, मग तो कचक पण 'गेला'च म्हणतोयस की तू, दोघांत फरक काय? आता हा प्रश्न फक्त भाच्यालाच पडतो असं नाही, इथे वीस-वीस वर्षं राहिलेली आपली माणसं पण पॉटलकला समोशाची प्लेट हातात धरून ट्रेड आणि फ्री एजंट साइनिंग यांची अशी खिचडी करतात की ऐकवत नाही, म्हणून एकदा नीट लिहून टाकतो.

आधी एक, हॉकी म्हणजे इथे बर्फावरची. ध्यानचंदांची ती वेगळी, तिला इकडे मुद्दाम फील्ड हॉकी म्हणावं लागतं.

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती त्यामुळे मला हे बदलीच्या भाषेत पटकन कळलं. ट्रेड म्हणजे आपसी बदली, फक्त यात अर्ज मास्तरांनी करायचा नसतो, दोन शाळा परस्पर ठरवतात की तुमचा गणिताचा आम्हाला द्या, आमचे विज्ञानाचे दोन घ्या, आणि मास्तरांना फोन येतो की उद्यापासून तिकडे हजर व्हा. पगार तोच, कराराची जेवढी वर्षं शिल्लक तेवढीच, फक्त गाव बदललं. आणि फ्री एजंट म्हणजे ज्याचा करार संपला, बॉण्ड फिटला, आता तो स्वतः चार ठिकाणी बोलून जिथे पटेल तिथे जॉइन होणार. जुन्या शाळेला एक शब्द विचारायची गरज नाही, आणि जुन्या शाळेला मिळतं काय, तर शून्य. फुलांचा गुच्छ पण त्यांनीच द्यायचा.

आयपीएलशी तुलना इथेच फसते बघा. ऑक्शनमध्ये प्लेअरचा करार संपलेला असतो, पण कुठे जायचं हे तो ठरवत नाही, जास्त बोली लावणारा ठरवतो. एनएचएलमधला, म्हणजे इथल्या हॉकी लीगमधला, फ्री एजंट कमी पैसे घेऊन पण आवडीच्या गावी जाऊ शकतो. ट्रेडचंही तसंच, २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबईला आला तो रोख पैशांवर, बदल्यात प्लेअर नाही. एनएचएलमध्ये पगाराची कॅप (टीमच्या एकूण पगाराला मर्यादा) आल्यापासून असा नुसत्या रोखीवर ट्रेड चालत नाही, प्लेअर द्या, ड्राफ्टचे पिक (नवी पोरं निवडायचे नंबर) द्या, फार तर जाणाऱ्याच्या पगाराचा निम्म्यापर्यंतचा भाग आपल्या अंगावर ठेवा. पूर्वी चालायचं. १९८८ च्या ऑगस्टमध्ये एडमंटननं वेन ग्रेट्स्कीला लॉस एंजलिसला दिलं त्यात दोन प्लेअर, पहिल्या फेरीचे तीन पिक आणि वर दीड कोटी डॉलर होते. म्हणजे भाच्याचा 'कितीला विकला' हा प्रश्न ग्रेट्स्कीच्या बाबतीत अगदी बरोबर होता, फक्त तो विचारायला त्याला चौतीस वर्षं उशीर झाला.

तर २०२२ चा तो उन्हाळा. फ्लेम्सची पहिली लाइन (एकत्र खेळणारे तिघे फॉरवर्ड) तेव्हा लीगमध्ये भारी होती, जॉनी गॉड्रोचे ११५ पॉइंट्स (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून), मॅथ्यू कचकचे १०४ (स्पेलिंगमध्ये सुरवातीला टी आहे, तो बोलायचा नाही), तिसरा लिंडहोम, त्याचे ४२ गोल. प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीत एडमंटनकडून पाच मॅचमध्ये हरलो आणि लगेच सगळ्यांच्या तोंडी एकच, गॉड्रो सही करणार की नाही. त्याचा करार संपत होता, वय २८, म्हणजे पूर्ण मोकळा फ्री एजंट. एरवी हा बाजार १ जुलैला उघडतो, त्या वर्षी कोविडमुळे वेळापत्रक सरकलं होतं म्हणून १३ जुलै. १२ च्या रात्री बातमी आली की तो कॅलगरीत थांबत नाहीये, मी किचनमध्ये ओट्याला टेकून फोन खालीवर करत बसलेलो, दूध उतू गेलं, बायको म्हणाली तुझा सख्खा भाऊ चाललाय का सोडून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो कोलंबसचा झाला. कोलंबस! सगळ्यांना वाटत होतं फिलाडेल्फिया किंवा न्यू जर्सी, कारण तो मूळचा तिकडचा. सात वर्षं, वर्षाला ९७.५ लाख डॉलर. कॅलगरीची ऑफर याहून मोठी होती असं तेव्हा सगळीकडे छापून आलं, पण त्याला घराच्या जवळपास जायचं होतं, झालं. फ्लेम्सच्या हातात शून्य. (दोन वर्षांनी न्यू जर्सीत सायकल चालवताना गाडीनं उडवून तो आणि त्याचा भाऊ दोघं वारले, तेव्हापासून या विषयावर मी त्याला काही बोलत नाही, आणि कोणी बोललेलं पण ऐकून घेत नाही.)

कचकची केस वेगळी. करार त्याचाही संपलेला, आणि घोळ नेमका इथेच होतो, कारण वय २४. एनएचएलमध्ये करार संपला म्हणजे लगेच मोकळा असं नसतं, साधारण २७ वय किंवा सात सीझन झाल्याशिवाय तुमच्यावर जुन्या टीमचा हक्क राहतो, याला रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट म्हणतात, नावात फ्री आहे पण मोकळा नाही. त्यानं सांगितलं मी इथे लांबचा करार करणार नाही. आता कॅलगरीला एक वर्ष रेटून मग गॉड्रोसारखंच रिकाम्या हातानं बसायचं नव्हतं, पण हक्क हातात होता म्हणून विकायला काहीतरी होतं. २२ जुलैला, म्हणजे गॉड्रोनंतर नऊ दिवसांत, फ्लोरिडाशी ट्रेड झाला. कचक तिकडे आठ वर्षांच्या करारासकट गेला, वर्षाला ९५ लाख, आणि इकडे आला जॉनाथन ह्यूबर्डो, ज्याचे त्याच सीझनमध्ये गॉड्रोइतकेच ११५ पॉइंट्स होते, शिवाय डिफेन्सचा मॅकेन्झी वीगर, एक तरुण प्लेअर श्विंट, आणि अटींसकट पहिल्या फेरीचा पिक.

एकाच टीमचे दोन हिरो नऊ दिवसांत गेले, एकाच्या बदल्यात काही नाही आणि एकाच्या बदल्यात चार गोष्टी. भाच्याला मी एवढंच पाठवलं, त्याला कळलं.

पण खरी मजा पुढे आहे, नाझेम काद्री. २०१९ मध्ये तो टोरोंटोत होता आणि टोरोंटोनं त्याला कॅलगरीला ट्रेड करायचा घाट घातलेला, पण त्याच्या करारात अमुक टीमना मला पाठवायचं नाही अशी यादी होती आणि तीत कॅलगरी, त्यानं नाही म्हटलं, मग तो कोलोरॅडोला गेला. तिथे २०२२ चा स्टॅनली कप, म्हणजे लीगची ट्रॉफी, जिंकला, करार संपला, आणि ऑगस्टमध्ये स्वतःहून फ्री एजंट म्हणून सही कुठे केली, तर कॅलगरीला, सात वर्षं, वर्षाला ७० लाख. तोच माणूस, तेच गाव. बदली म्हणून नको होतं, स्वतः निवडलं तेव्हा चाललं (वर पैसे पण होतेच, वेडा नाहीये तो).

आता लोक म्हणतात फ्री एजंट फुकट मिळतो, कारण बदल्यात कोणाला काही द्यावं लागत नाही. साफ चूक. कॅप असते ना. त्या सीझनला कॅप होती ८ कोटी २५ लाख डॉलर, पूर्ण टीमचा पगार तेवढ्यात बसवायचा. काद्रीला जागा करायला त्याच दिवशी शॉन मोनाहनला मॉन्ट्रियलला दिलं, आणि त्याचा ६३ लाख ७५ हजारांचा पगार त्यांनी घ्यावा म्हणून वरून पहिल्या फेरीचा पिक दिला. म्हणजे प्लेअर पण आपला, हुंडा पण आपलाच, आणि बदल्यात 'फ्युचर कन्सिडरेशन्स', मराठीत बघू पुढे. कोलंबसची पण तीच गत, गॉड्रोला आणला, आपल्याच लायनेशी नवा करार केला, पैशाचं गणित जमेना म्हणून २८ गोल मारलेल्या ब्योर्कस्ट्रँडला सिएटलला दिलं आणि बदल्यात तिसऱ्या-चौथ्या फेरीचे पिक घेतले. तेव्हा साइनिंगची बातमी आली की मी आधी बघतो त्याच आठवड्यात कोणाचा ट्रेड झालाय, पावती तिथे असते.

त्या वर्षी गणपतीत आमच्याकडे आरती झाल्यावर मोदक वाटेपर्यंत हाच वाद. एक काका, इथले जुने, फ्लेम्सची लाल जर्सी घालूनच दर्शनाला आलेले, म्हणाले, ट्रेड आपणच जिंकला, लिहून ठेवा. आणि खरं सांगतो, तेव्हा मला पण तसंच वाटत होतं. पुढच्या सीझनला ह्यूबर्डोचे पॉइंट्स ११५ वरून थेट ५५, फ्लेम्स प्लेऑफच्या बाहेर, आणि तिकडे कचक १०९ पॉइंट्स करून फ्लोरिडाला फायनलमध्ये घेऊन गेला, मग २०२४ आणि २०२५ लागोपाठ दोन कप. आता तेच काका म्हणतात इतिहासातला सगळ्यात वाईट ट्रेड.

इथे माझं काकांशी जमत नाही. ट्रेड झाला त्या दिवशी ह्यूबर्डोच्या कराराचं एकच वर्ष शिल्लक होतं, वर्षाला ५९ लाखवालं. म्हणजे ट्रेडमध्ये आपण घेतलेला धोका एका वर्षाचा, जमलं तर ठेवा नाहीतर सोडा. ज्याच्या नावानं लोक अजून बोटं मोडतात तो आठ वर्षांचा, वर्षाला १ कोटी ५ लाखांचा करार ट्रेडमध्ये आलाच नव्हता, तो फ्लेम्सनी नंतर ऑगस्टमध्ये स्वतः केला, ह्यूबर्डोनं फ्लेम्सकडून एकही मॅच खेळायच्या आधी, आणि तो चालू व्हायचा होता २०२३ पासून, म्हणजे तो तिशीत पोचल्यावर, संपणार २०३१ ला. का केला एवढ्या घाईनं? कारण गॉड्रो नुकताच रिकाम्या हातानं सोडून गेलेला, हा पण वर्षभरात तसाच गेला तर लोक जोड्यानं मारतील ही भीती. दुधानं तोंड पोळलं, ताक फुंकून प्यायला हवं होतं, यांनी घाबरून ताकाची अख्खी डेअरी विकत घेतली. तर ट्रेड ठीक होता, साइनिंग फसलं, आणि शिव्या मात्र ट्रेडला.

ट्रेडमध्ये काय गेलं ते त्याच दिवशी समोर दिसतं, म्हणून लोक तावातावानं बोलतात. साइनिंगमध्ये गेलेलं दिसायला पाचवं-सहावं वर्ष उजाडावं लागतं, तोवर सही करणारा मॅनेजर दुसऱ्या टीममध्ये असतो. आमचा पण गेला. ब्रॅड ट्रेलिव्हिंग २०२३ मध्ये फ्लेम्स सोडून टोरोंटोचा जीएम, म्हणजे जनरल मॅनेजर, झाला.

ऑफर शीट नावाचा एक अर्धनारीनटेश्वर पण आहे, दुसऱ्याच्या रिस्ट्रिक्टेड प्लेअरला तुम्ही करार देऊ करायचा, जुन्या टीमनं सात दिवसांत तेवढेच पैसे द्यायचे नाहीतर प्लेअर सोडून ठरलेले पिक घ्यायचे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सेंट लुईसनं एडमंटनचे ब्रोबर्ग आणि हॉलोवे दोघं असेच उचलले, बदल्यात एक दुसऱ्या आणि एक तिसऱ्या फेरीचा पिक. एडमंटन म्हणजे आमचे वैरी, त्यांचं झालं म्हणून आम्हाला वाईट वाटलं नाही.

आणि मग २०२५ चा जून संपता संपता भाच्याचा मेसेज, आता तो इथलाच झालेला, हिवाळ्यात मला बर्फात चालायला शिकवतो. "मामा, मार्नर साइन झाला की ट्रेड झाला? दोन्ही लिहिलंय." दोन्हीच. मिच मार्नर टोरोंटोचा, १ जुलैला पूर्ण मोकळा होणार होता, आणि त्याचं टोरोंटोशी संपलंय हे सगळ्या गावाला माहीत होतं. पण तेव्हा नियम असा की स्वतःच्या टीमशी आठ वर्षांपर्यंत करार करता यायचा, दुसऱ्या टीमशी सातच (लीग आणि प्लेअर्सच्या युनियनच्या नव्या करारात २०२६ च्या सप्टेंबरपासून हे सात आणि सहा ठरलं). वेगासला तो हवा होता, त्याला आठवं वर्ष हवं होतं. म्हणून बाजार उघडायच्या आधीच त्यानं सही टोरोंटोशी केली, आठ वर्षं, वर्षाला १ कोटी २० लाख, आणि तो करार तसाच्या तसा वेगासला ट्रेड झाला, बदल्यात टोरोंटोला निकोलस रॉय.

भाचा म्हणाला, १०२ पॉइंट्सवाल्याच्या बदल्यात फक्त रॉय? मी म्हटलं टोरोंटोचा जीएम कोण आहे बघ. त्यानं बघितलं, हसायची इमोजी पाठवली आणि लिहिलं, "गॉड्रोच्या वेळेपेक्षा एक जास्त."