चूक नाही, म्हणजेच काहीतरी चुकलंय

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनची एसओई ही संघटना जर्मनांनी बळकावलेल्या देशांत पॅराशूटने एजंट उतरवायची, तिथल्या भूमिगत लोकांना शस्त्रं पोचवायची, पण हे सगळं चालायचं लंडनला सांकेतिक संदेश पाठवणाऱ्या रेडिओ ऑपरेटरच्या जिवावर.

त्यांचा कोड म्हणजे सुरुवातीला एक पाठ केलेली कविता! तिच्यातले पाच शब्द घ्यायचे आणि अक्षरांना इंग्रजी वर्णक्रमाने नंबर द्यायचे. समजा एक शब्द पॅरिस घेतला: पी-ए-आर-आय-एस. ए सगळ्यात आधी म्हणून १, आय २, पी ३, आर ४, एस ५, म्हणजे किल्ली झाली ३-१-४-२-५. नंबरांखाली संदेश ओळीओळीने लिहायचा, मग १ नंबरचा उभा रकाना आधी उतरवायचा, मग २ चा, आणि हे सगळं परत दुसऱ्यांदा. आता माळ्यावर लपून, रस्त्यावर गाडी थांबली की छातीत धस्स होणारा माणूस हे करणार, एक अक्षर इकडचं तिकडं झालं तरी लंडनला संदेश उलगडायचा नाही, आणि अशा चुका व्हायच्याच.

मार्च १९४२ मध्ये हॉलंडमध्ये ह्युब लाउवर्स हा ऑपरेटर पकडला गेला. जर्मनांनी त्यालाच लंडनला संदेश पाठवायला लावलं. आपण मोकळे आहोत याची खूण म्हणून संदेशात एक ठरलेली चूक मुद्दाम करायची असायची, ती त्याने गाळली. बिचाऱ्याने जीव धोक्यात घालून इशारा दिला आणि लंडनने लक्षच दिलं नाही, उलट माणसं पाठवतच राहिले, पन्नासहून जास्त एजंट जर्मनांच्या हाती लागले. वाचताना अजूनही संताप होतो.

कोड विभागातल्या विशीतल्या लिओ मार्क्सला मात्र एक गोष्ट खटकली. बाकीच्या देशांतून न सुटणारे संदेश येतात, मग हॉलंडमधून एकही कसा नाही? तिथले एजंट काय घाबरतच नाहीत? की कोणीतरी टेबलाशी निवांत बसून, तपासून संदेश तयार करतंय? किती साधा प्रश्न, पण वरिष्ठांना तो पटायला फार वेळ लागला.

पुढे मार्क्सने कविताच काढून टाकायचा आग्रह धरला आणि रेशमी कापडावर किल्ल्या छापून घेतल्या. रेशीम अस्तरात शिवलं तर झडतीत कागदासारखं कुरकुरत नाही. एक किल्ली एकदाच वापरायची, मग तेवढी पट्टी कापून जाळायची, आणि नंतर कोणी कितीही छळलं तरी ती एजंटला स्वतःलाही आठवायची नाही.