काचेतलं प्रवाळ: निम्मी देखभाल पाणी भरण्याआधीच ठरते

६० सेंटीमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच अशी काचेची टाकी घ्या. दगड मांडून झाल्यावर तिच्यात साधारण ११० लिटर समुद्रपाणी मावतं. वर दिवा आणि आत पंप असला, की पाण्याची पातळी रोज अर्धा सेंटीमीटर सहज उतरते. दिसायला ते काहीच नाही, पण तेवढ्यात सव्वा लिटरहून जास्त पाणी उडून गेलेलं असतं. उडतं ते निव्वळ पाणी. मीठ टाकीतच राहतं. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. या टाकीकडे आठवडाभर पाहिलं नाही, तर तोच आकडा ३८च्या वर जातो. प्रवाळाच्या पेशींना हा बदल सोसणं जड जातं.

घरातलं प्रवाळ-मत्स्यालय कटकटीचं होतं ते बहुतेक वेळा अशा संथ, न दिसणाऱ्या बदलांमुळे. समुद्र अफाट असल्यामुळे तिथे काहीच झटकन बदलत नाही, आणि प्रवाळ त्या स्थैर्यात वाढलेला जीव आहे. टाकीत ते स्थैर्य आपल्याला मुद्दाम घडवावं लागतं. ते टाकी कोरडी असतानाच्या निर्णयांतून घडतं. नंतर यंत्रं जोडत बसण्याने फारसं साधत नाही, असं माझं ठाम मत आहे.

पहिला निर्णय आकाराचा. छोटी टाकी सांभाळायला सोपी वाटते, पण ४० लिटरमध्ये एक मासा मेला किंवा हिटर बिघडला तर सावरायला काही तासच मिळतात. १०० ते २०० लिटर ही मला समंजस मर्यादा वाटते. मात्र वजनाचा विचार आधी करा. समुद्रपाणी लिटरला एक किलोहून थोडं जास्तच भरतं. काच, दगड आणि स्टँड धरून २०० लिटरची टाकी ३०० किलोच्या आसपास जाते. भरल्यावर ती हलवता येत नाही.

उडालेल्या पाण्याची भरपाई गोड्या पाण्याने करायची, खाऱ्याने नव्हे. नवखे लोक इथेच चुकतात: खारं पाणी ओतत राहतात आणि मीठ चढत जातं. फ्लोट व्हॉल्व्ह किंवा सेन्सर लावून हे काम आपोआप होऊ द्यावं. देखभाल कमी करणारं एकच उपकरण घ्यायचं असेल, तर ते हेच. पाणी आरओचं, शक्यतो त्यापुढे डीआय (उरलेसुरले क्षार काढणाऱ्या) गाळणीतून काढलेलं असावं. नळाच्या पाण्यातलं फॉस्फेट शेवाळाला पोसतं आणि तांब्याचा किंचित अंशही कोळंबी-गोगलगायींना घातक ठरतो.

आता दगडांकडे वळू. जकार्तातल्या ली चिन एंग यांनी १९६१ साली समुद्री टाकी राखण्याची आपली पद्धत लिहून जगापुढे मांडली: समुद्रातले सच्छिद्र, जीवजंतूंनी भरलेले दगड, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे. पुढे ‘लाइव्ह रॉक’ या नावाने रुळलेला हा दगडच टाकीची खरी गाळणी असतो. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. दगडाच्या पृष्ठभागावरचे सूक्ष्मजीव ऑक्सिजन वापरून त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. दगडाच्या आतल्या बारीक छिद्रांत ऑक्सिजन जवळपास पोचत नाही. तिथे वेगळे जीवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात, आणि उरलेला नायट्रोजन वायू होऊन निघून जातो. हे सगळं विजेविना, आवाजाविना चालतं. कोरडा सच्छिद्र दगड घेतला तरी चालतं, फक्त ही वस्ती बसायला वेळ लागतो. अमोनियाचा थोडा स्रोत देऊन चार ते सहा आठवडे थांबावं लागतं. दगडांची भिंत रचू नये. मधून पाणी खेळेल अशी कमान करावी. पाणी साचतं तिथे गाळ बसतो, आणि पुढे वर्षानुवर्षं तो उपसत बसावं लागतं.

काय पाळायचं, हा निर्णय सर्वांत महत्त्वाचा. प्रवाळाच्या ऊतींत सूक्ष्म शैवाल राहतं. प्रकाशसंश्लेषणातून ते प्रवाळाच्या ऊर्जेची ९० टक्क्यांपर्यंत गरज भागवू शकतं, म्हणून दिवा हे प्रवाळाचं मुख्य अन्नच समजा. टायमरवर ८ ते १० तास, रोज त्याच वेळी. अॅक्रोपोरासारखं फांद्यांचं दगडी प्रवाळ भराभर सांगाडा बांधतं. त्यासाठी पाण्यातलं कॅल्शियम आणि अल्कता (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता, मुख्यतः कार्बोनेट-बायकार्बोनेटमुळे येणारी) ओढून घेतं, आणि त्या आकड्यांतला चढउतार त्याला खपत नाही. मऊ प्रवाळ, म्हणजे सार्कोफायटन किंवा बशीसारखं डिस्कोसोमा, असा सांगाडा बांधत नाही. मध्यम प्रकाशात, थोड्या अशुद्ध पाण्यातही ते सुखाने वाढतं. कमी कष्टाची टाकी हवी असेल तर इथेच थांबावं. अॅक्रोपोराचा मोह मी समजू शकतो, पण त्यासोबत रोजची मापं येतात.

प्रवाळ घेताना दोन गोष्टींचं भान असू द्या. दगडी प्रवाळाचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइट्स’ या वन्यजीव-व्यापारावरच्या कराराने नियंत्रित आहे आणि काही देशांत ते बाळगणंही गुन्हा ठरतं, म्हणून आपल्याकडचा कायदा आधी वाचावा. जिथे परवानगी आहे तिथेही टाकीतच वाढवलेले तुकडे घ्यावेत. प्रवाळभित्तीवरून काही तोडून आणलेलं नको. समुद्रातल्या प्रवाळावर आधीच पुष्कळ संकटं आहेत. दुसरी गोष्ट झोअँथिड गटाची. हे रंगीत फुलांसारखे जीव फार लोकप्रिय आहेत, पण त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असतं. ते चिकटलेला दगड कधीही उकळू नका, गरम पाण्याने घासू नका. वाफेतून, तुषारांतून विषबाधा होते. हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच.

मासे मोजके. टाकीत येणारं जवळपास सगळं नायट्रेट आणि फॉस्फेट माशांच्या खाण्यातून येतं. क्लाउनफिशची जोडी आणि एखादा गोबी एवढे ११० लिटरला पुरेत. निळा टँग लहान असताना गोड दिसतो, पण तो ३० सेंटीमीटरपर्यंत वाढतो. उलट, पाणी अगदी निर्मळ करण्याच्याही मागे लागू नये. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर आले की डायनोफ्लॅजेलेट हे एकपेशीय सूक्ष्मजीव माजतात आणि दगडांवर तपकिरी, तारांसारखा चिकट थर धरतो. लिटरमागे ५ मिलीग्रॅमच्या आसपास नायट्रेट असलं तर बिघडत नाही.

थोडं दगडी प्रवाळ ठेवायचंच असेल, तर एक जुना उपाय आहे: चुन्याची निवळी. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड आरओच्या पाण्यात ढवळायचं, साका खाली बसू द्यायचा आणि वरची स्वच्छ निवळी भरपाईच्या पाण्याऐवजी थेंबथेंब सोडायची. प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. तो ज्या प्रमाणात कॅल्शियम आणि अल्कता खर्च करतो, त्याच प्रमाणात निवळी दोन्ही परत देते. उडालेलं पाणी आणि खर्च झालेलं कॅल्शियम अशी दोन्ही कामं एकाच थेंबात होतात. आपल्या टाकीत रोज सव्वा लिटर संपृक्त निवळी गेली तर लिटरमागे ९ ते १० मिलीग्रॅम कॅल्शियमची भर पडते. मऊ प्रवाळाच्या टाकीला एवढी लागतच नाही. तिथे ठरावीक काळाने बदललेलं पाणी पुरतं. निवळीचा पीएच १२च्या वर असतो, तेव्हा डोळे सांभाळा आणि एकदम ओतू नका.

शक्य तिथे निवळीचं भांडं छोटं, दोन-तीन दिवसांचंच ठेवा. व्हॉल्व्ह अडकून सगळं भांडं टाकीत रिकामं झालं, तर नुकसान भांड्याच्या आकाराएवढंच होतं. हाच विचार बाकीच्या उपकरणांनाही लावावा. एका मोठ्या हिटरऐवजी दोन छोटे घ्या आणि त्यांच्यावर वेगळा थर्मोस्टॅट बसवा. हिटर बिघडतो तेव्हा पुष्कळदा ‘चालू’ अवस्थेतच अडकतो, आणि दोन-तीन अंशांची वाढ टिकली तरी प्रवाळ पांढरं पडायला लागतं. स्टँडमध्ये खाली दुसरी टाकी जोडली असेल, तर वीज गेल्यावर वरून उतरणारं पाणी मावेल एवढी जागा तिच्यात मोकळी ठेवा. मुख्य पंप मुद्दाम बंद करून हे आधीच पाहून घ्यावं. वीज गेल्यावर पहिली टंचाई पडते ती ऑक्सिजनची, म्हणून बॅटरीवरचा हवेचा पंप हाताशी असू द्या.

यानंतर उरतं ते थोडकं. आठवड्याला काच पुसणं, दोन आठवड्यांनी १० लिटर पाणी बदलणं, स्किमर (फेसासोबत घाण बाहेर काढणारं उपकरण) असेल तर त्याचा कप धुणं आणि अल्कता मोजणं. समुद्रात ती साधारण साडेसहा ते ७ डीकेएच (अल्कतेचं एकक) असते. टाकीतलं दगडी प्रवाळ जोमाने वाढू लागलं की ते डोळ्यांना कळायच्या आधी हा आकडा खाली यायला लागतो. तसं दिसलं की निवळी थोडी दाट करावी, आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा मोजावं.