पोलिसी बळाचा वापर आणि सहा महिन्यांची मुदत : पुण्यातील प्रश्नाची पार्श्वभूमी

पोलिसांनी केलेल्या मारहाणीबद्दल महाराष्ट्रात फौजदारी खटला भरायचा तर आधी महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 161 मधून वाट काढावी लागते. घटनेपासून सहा महिन्यांत खटला दाखल झाला नाही, तर कोर्टाने तो ऐकून घेऊ नये, असे हे कलम सांगते. पुण्यातल्या अशा कोणत्याही प्रकरणाची पार्श्वभूमी इथूनच सुरू करावी लागते, कारण चौकशी, अहवाल, अपील ही बाकीची सगळी यंत्रणा या मुदतीपेक्षा सावकाश चालते.

ही तरतूद इंग्रजी अमदानीतून आली. 1861 च्या पोलीस कायद्यात अशीच मुदत होती, तीही तीन महिन्यांची. दंगा शमवणाऱ्या शिपायाला वर्षानुवर्षे खटल्याच्या टांगणीला लावू नये, हा तिचा हेतू. त्या काळच्या राज्यकर्त्यांच्या दृष्टीने जबाबदारी प्रजेची होती. 1897 मध्ये प्लेगच्या घरझडत्या झाल्या, 22 जूनला गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या आणि त्यानंतर पुण्यावर जादा पोलीस बसवून त्यांचा खर्च शहराकडूनच वसूल करण्यात आला. झडत्यांमधल्या अरेरावीचा हिशेब मात्र कोणी मागितला नाही.

स्वातंत्र्यानंतर कायदा नवा झाला, मुदतीचे कलम राहिले. त्यातली अडचण अशी की ही मुदत सगळ्याच कृत्यांना लागू नाही. अधिकाराच्या नावाखाली किंवा अधिकाराची मर्यादा ओलांडून केलेल्या कृत्यालाच ती लागू होते. मग कोठडीत पट्ट्याने मारणे हे अधिकाराची मर्यादा ओलांडणे, की अधिकाराशी काडीचाही संबंध नसलेला साधा गुन्हा? पहिले मानले तर सहा महिन्यांनंतर दार बंद. दुसरे मानले तर मुदतीचा प्रश्नच उरत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला खोट्या पंचनाम्याच्या एका प्रकरणात आरोपी हवालदाराला या संरक्षणाचा लाभ दिला. पंचनामा करणे हे त्याचे काम होते, ते त्याने खोटे केले, पण केले कामाच्याच नावाखाली, असा तो तर्क. काही वर्षांतच, 1966 मध्ये, महाराष्ट्रातून गेलेल्या प्रकरणात त्याच न्यायालयाने उलट दिशेचा निकाल दिला. चोरीचा माल काढून घेण्यासाठी संशयितांना डांबून मारणे हा कामाचा भाग असूच शकत नाही. तेव्हाची फौजदारी प्रक्रिया संहिताच पोलिसांना कबुलीसाठी धाकदपटशा करण्यास मनाई करत होती. तेव्हा कलम 161 ची ढाल इथे चालणार नाही. कोठडीतील मारहाणीच्या बाबतीत आजही हाच निकाल तक्रारदाराचा मुख्य आधार आहे, आणि आमच्या मते तोच बरोबर आहे. कायद्याने स्पष्ट मना केलेली गोष्ट कर्तव्याच्या पोटात घालणे म्हणजे मनाईच पुसून टाकणे.

तरीही घोळ मिटला नाही. 2020 च्या जून महिन्यात कर्नाटकच्या पोलीस कायद्यातील अशाच कलमावर बोलताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, मारहाण अतिरेकी असली तरी तिचा कर्तव्याशी वाजवी संबंध असेल तर सरकारची पूर्वमंजुरी लागते. तेव्हापासून बचावाचे वकील 2020 चा निकाल पुढे करतात आणि तक्रारदाराचे वकील 1966 चा. मुद्दा प्राथमिक हरकतीतच अडकतो, उच्च न्यायालयात जातो आणि साक्षीपुरावा सुरू व्हायच्या आत वर्षे निघून जातात.

कलमातच एक पळवाट आहे, तक्रारदाराच्या बाजूची. सरकारच्या पूर्वमंजुरीने दोन वर्षांपर्यंत खटला चालू शकतो. व्यवहारात मंजुरीचा अर्ज खात्यातून फिरून येईपर्यंत ती दोन वर्षेही सरतात. दुसरा नेहमीचा गैरसमज म्हणजे पोलीस ठाण्यात अर्ज दिला, आवक क्रमांक मिळाला की मुदत थांबली. ती थांबत नाही. कलमाला खटला दाखल झालेला हवा असतो. अर्ज किंवा सहायक पोलीस आयुक्तांपुढचा (एसीपी) जबाब म्हणजे खटला नव्हे. म्हणूनच माहीतगार वकील खात्याच्या चौकशीची वाट न पाहता शिवाजीनगर कोर्टात सहा महिन्यांच्या आत खासगी फिर्याद दाखल करून ठेवतात आणि 1966 च्या निकालाचा आधार जोडीला ठेवतात.

पुण्यात पोलीस आयुक्तालय 1965 मध्ये सुरू झाले. याचा बळाच्या वापराशी थेट संबंध आहे. आयुक्तालयाच्या हद्दीत जमावबंदीचे आदेश काढण्याचे आणि कार्यकारी दंडाधिकाऱ्याचे बरेचसे अधिकार पोलिसांकडेच असतात. ग्रामीण भागात हे अधिकार महसूल यंत्रणेकडे राहतात, त्यामुळे तिथे निदान कागदावर दुसरे खाते मध्ये असते. 2018 मध्ये पिंपरी-चिंचवडचे वेगळे आयुक्तालय झाले आणि तळेगाव, चाकण हा पट्टा ग्रामीण पोलिसांकडून तिकडे गेला.

मावळातील गोळीबार या बदलाच्या आधीचा. 9 ऑगस्ट 2011 रोजी पवना धरणातून बंद जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडला पाणी नेण्याच्या विरोधात शेतकऱ्यांनी बऊरजवळ द्रुतगती मार्ग अडवला. पोलिसांच्या गोळीबारात एका महिलेसह तिघांचा मृत्यू झाला. पोलीसच उभ्या गाड्यांच्या काचा फोडत असल्याची दृश्ये वाहिन्यांवर दिसली. न्यायालयीन चौकशी नेमली गेली, प्रकल्पाला स्थगिती मिळाली आणि ती 2023 मध्ये उठली. पाण्याचे पुढे काय, यावर मावळात आजही बोलले जाते. गोळी झाडण्याचा आदेश कोणत्या क्षणी, कोणाच्या तोंडून आणि कोणता इशारा दिल्यानंतर निघाला, यावर फारच कमी. खरे तर कायदा तिथेच नेमका आहे. जमावाला पांगण्याचा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी, पोलीस ठाण्याचा प्रमुख किंवा त्याच्या गैरहजेरीत किमान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी देऊ शकतो. हा हुकूम मोडला गेला, किंवा हुकूम नसतानाही जमावाने न पांगण्याचा निर्धार दाखवला, तरच बळ वापरता येते. त्यामुळे स्टेशन डायरी, वायरलेसची नोंद आणि शस्त्रागारातून निघालेल्या व परत आलेल्या काडतुसांचा हिशेब ही तीन कागदपत्रे सर्वांत आधी मागायला हवीत.

दरम्यान, 22 सप्टेंबर 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्य आणि जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणे स्थापन करण्याचे निर्देश दिले होते. महाराष्ट्राने 2014 मध्ये कायदा दुरुस्त केला, पण जिल्ह्याऐवजी महसूल विभाग हा घटक धरला. म्हणजे पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांना मिळून एक प्राधिकरण. पुणे शहरातल्या तक्रारदाराला हे जवळ पडते. जत किंवा अक्कलकोटच्या माणसाने प्रत्येक तारखेला रोजगार बुडवून इथवर यायचे. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, बेकायदा अटक, खंडणी, जमीन बळकावणे असे विषय त्याच्या कक्षेत येतात. अहवालावर कारवाई सरकारने करायची, आणि कारणे नोंदवून तो नाकारण्याची मुभाही सरकारकडेच आहे. मानवी हक्क आयोगाचा रस्ता त्याआधीपासूनचा, मात्र त्यालाही घटनेपासून एक वर्षाची मर्यादा आहे.

प्रत्यक्षात प्रकरण कमकुवत होते ते पहिल्या चोवीस तासांत. अटकेनंतर आरोपीला ससून रुग्णालयात नेले जाते. डॉक्टर विचारतात तेव्हा पोलीस शेजारीच उभा असतो आणि कागदावर ‘ताजी जखम नाही’ असे उमटते. तळपायावरचे किंवा मांडीच्या मागचे मुके मार कपडे न काढता दिसत नाहीत, आणि काळानिळा डाग कधी कधी दुसऱ्या दिवशी उठतो. दंडाधिकारी विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ रात्री पुन्हा त्याच कोठडीत जायचे असते, म्हणून आरोपी ‘नाही’ म्हणतो, आणि ते ‘नाही’ पुढे प्रत्येक टप्प्यावर त्याच्याविरुद्ध वाचले जाते. वकिलाने त्याच वेळी पुन्हा वैद्यकीय तपासणीचा अर्ज द्यावा, जखमांची जागा, लांबी आणि रंग लिहून मागावा, आणि तपासणीच्या अहवालाची प्रत घ्यावी. ती मिळणे हा आरोपीचा हक्क आहे.

सीसीटीव्हीबाबत 2 डिसेंबर 2020 चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश तपशीलवार आहे. प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा, निरीक्षकांची खोली यांसह ठाण्याचा कोणताही भाग कॅमेऱ्याबाहेर राहू नये. दृश्यासोबत आवाजही नोंदला जावा. चित्रण 18 महिने, तशी साधने बाजारात मिळत नसतील तर किमान एक वर्ष ठेवावे. कॅमेरे चालू ठेवण्याची जबाबदारी ठाणे प्रमुखाची. चित्रण जपून ठेवण्याची मागणी करण्याचा पीडिताला हक्क आहे, हे ठाण्याच्या दारावरच्या फलकावर लिहिले पाहिजे. पुण्यातली अडचण अशी की माणसाला उचलून आधी नेतात ते चौकीत किंवा गुन्हे शाखेच्या युनिटमध्ये. ठाण्यातले चित्रण तपासले तर तो तिथे संध्याकाळी स्वतःच्या पायांनी चालत आलेला दिसतो. त्यामुळे मागणी करताना ठाण्यासोबत चौकी, युनिट आणि रस्त्यावरच्या महापालिकेच्या कॅमेऱ्यांचे चित्रण तारीख-वेळेसह मागावे लागते.

1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम 218 नुसार लोकसेवकावरील खटल्याच्या मंजुरीवर सरकारने 120 दिवसांत निर्णय घ्यायचा. नाही घेतला तर मंजुरी दिली असे मानले जाते. पण कलम 175(4) मध्ये नवी पायरीही आली आहे: कर्तव्य बजावताना घडलेल्या कृत्याबद्दल लोकसेवकाविरुद्ध तपासाचा आदेश देण्यापूर्वी दंडाधिकाऱ्याने वरिष्ठाचा अहवाल मागवायचा आणि त्या लोकसेवकाचे म्हणणे विचारात घ्यायचे. हा वरिष्ठ बहुतेकदा त्याच परिमंडळातला असतो, आणि अहवाल किती दिवसांत द्यावा हे कलमात लिहिलेले नाही. कलम 161 ची सहा महिन्यांची मुदत मात्र तशीच कायम आहे.