टायरस वाँग डिस्नेत तीनच वर्षं होते

'बॅम्बी' या हरणाच्या पाडसावरच्या डिस्नेच्या कार्टूनपटाचे टायरस वाँग म्हणजे 'डिस्नेत आयुष्य घालवलेले चित्रकार', असं वर्षानुवर्षं फिरतंय. तसं नाही. ते १९३८ मध्ये डिस्नेत लागले आणि १९४१ च्या संपानंतर त्यांना काढलं गेलं. तेही स्वतः संपात नसताना!

१९२० मध्ये चीनच्या ग्वांगडाँगमधून वडिलांबरोबर अमेरिकेत आलेला हा मुलगा. चिन्यांना बंदी होती, म्हणून दुसऱ्याच नावाच्या कागदांवर आला. शाईला पैसे नसायचे, तेव्हा वडील जुन्या वर्तमानपत्रावर पाण्यात बुडवलेल्या कुंचल्यानं अक्षरं गिरवून घेत.

डिस्नेत काम मिळालं ते दोन मुख्य चित्रांमधली हालचाल भरायचं, म्हणजे निव्वळ हमाली. 'बॅम्बी'साठी आधी काढलेल्या जंगलात पान न् पान इतकं रेखलेलं, की हरीणच हरवायचं. वाँगनी चीनच्या सोंग राजघराण्याच्या काळातल्या (दहावं ते तेरावं शतक) निसर्गचित्रांच्या वळणाचं, धूसर, मोजक्या फटकाऱ्यांचं जंगल काढून दाखवलं आणि अख्ख्या चित्रपटाचा बाज ठरला. श्रेयनामावलीत मात्र ते नुसत्या पार्श्वभूमी-चित्रकारांपैकी एक.

पुढची तब्बल २६ वर्षं त्यांनी वॉर्नर ब्रदर्स या चित्रपट कंपनीत काढली, चित्रीकरणाआधी दृश्यं चितारण्याच्या कामात. डिस्नेनं 'डिस्ने लेजंड' किताब दिला तो २००१ मध्ये, नव्वदी उलटल्यावर.