व्हाइट ड्वार्फ : 93 व्या अंकाचा वाद कुठून आला

ब्रिटनमधल्या जुन्या रोलप्लेइंग (म्हणजे काल्पनिक पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या खेळांच्या) खेळाडूसमोर ‘व्हाइट ड्वार्फ’ या मासिकाचं नाव काढलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : कुठला, 93 व्या अंकाच्या आधीचा की नंतरचा? मासिक आजही निघतं. 2024 मध्ये त्याचा 500 वा अंक आला. तरीही एक अख्खी पिढी ते 1987 सालीच संपलं असं मानते. सप्टेंबर 1987 च्या 93 व्या अंकात ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (पुढे डी अँड डी) या अमेरिकी रोलप्लेइंग खेळावरचा शेवटचा लेख आला, आणि 102 व्या अंकापर्यंत, म्हणजे जून 1988 पर्यंत, इतरांचे खेळ मासिकातून पुरते हद्दपार झाले. पुढे उरले ते मालक कंपनी ‘गेम्स वर्कशॉप’चे खेळ आणि त्यांच्या धातूच्या बाहुल्या.

सुरुवात थोडक्यात. 1975 साली लंडनमध्ये तीन मित्रांनी लाकडी पट आणि टपालाने खेळायचे खेळ यांचा ‘गेम्स वर्कशॉप’ हा छोटा धंदा काढला. त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘आऊल अँड वीझल’ हे वार्तापत्र सुरू केलं, त्याचे 25 अंक निघाले. त्याची एक प्रत अमेरिकेत डी अँड डीच्या कर्त्यांपर्यंत पोचली, तिकडून खेळाची पेटी आली, आणि या मंडळींनी सहा संच मागवले. सहाच. पण त्या जोरावर त्यांना युरोपात हा खेळ विकण्याचे तीन वर्षांचे एकाधिकार मिळाले. वार्तापत्र पुरेनासं झालं, म्हणून जून–जुलै 1977 मध्ये 50 पेन्स किमतीचं द्वैमासिक निघालं. नावात श्लेष होता : विझत आलेला तारा, आणि कुऱ्हाड घेऊन फिरणारा दाढीवाला बुटका. म्हणजे विज्ञानकथा आणि अद्भुतकथा दोन्ही चालतील. आपल्याकडे खगोलशास्त्रात त्या ताऱ्याला ‘श्वेत बटू’ म्हणतात. पण ‘बटू’ म्हटलं की आपल्याला छत्री-कमंडलूवाला वामन आठवतो, कुऱ्हाडवाला नाही, त्यामुळे श्लेष अर्धाच उतरतो.

मासिकाला रंग चढला तो ऑगस्ट 1982 मध्ये, 32 व्या अंकापासून ते दर महिन्याला निघू लागल्यावर. त्या काळाबद्दल मला थोडं जास्तच प्रेम आहे, हे आधीच सांगून टाकतो. ‘ओपन बॉक्स’मध्ये नव्या खेळांची परीक्षणं दहापैकी गुणांसह येत. ‘रूनक्वेस्ट’, ‘ट्रॅव्हलर’, ‘कॉल ऑफ कथुलू’ या प्रत्येकाला हक्काची पानं होती. 42 ते 47 अशा सहा अंकांत ‘इरिलियन’ नावाचं एक शहर क्रमशः आलं, गल्ल्या, घरं, माणसं यांच्यासकट. शहरातली नावं जुन्या इंग्रजीच्या वळणाची होती. कुणाला ते सगळं खेळायला वेळ मिळाला असेल की नाही, देव जाणे. पण वाचायला मात्र झकास.

पण खरा जीव होता ‘फीन्ड फॅक्टरी’ या सदरात. वाचकांनी डी अँड डीसाठी स्वतः रचलेले राक्षस पाठवायचे, संपादकाने निवडून त्यांच्या ताकदीच्या आकड्यांसह छापायचे. हाच सदरकर्ता पहिल्या अंकापासून ‘मॉन्स्टरमार्क’ नावाचं गणित मांडत होता : एखादा राक्षस नेमका किती धोकादायक, ते सूत्राने काढायचं. 1979 साली 12 व्या अंकात एका शाळकरी मुलाने पाठवलेली ‘गिथयांकी’ नावाची जमात छापून आली. नाव त्याने एका अमेरिकी विज्ञान-कादंबरीतून उचललं होतं, बाकी कल्पना त्याची. हा मुलगा पुढे नावाजलेला विज्ञानकथाकार झाला. या सदरातले आणि इतर राक्षस एकत्र करून ‘फीन्ड फोलिओ’ हा ग्रंथ तयार झाला, मुखपृष्ठावर गिथयांकीच. 2023 चा ‘बाल्डर्स गेट 3’ हा डी अँड डीवरचा व्हिडिओ गेम ज्यांनी खेळला असेल, त्यांना सोबत चालणारी ती हिरवट, तुसडी योद्धी चांगलीच लक्षात असेल. तिचं मूळ इथे आहे.

त्या ग्रंथाचं हस्तलिखित 1979 मध्येच तयार होतं, तो बाजारात आला मात्र 1981 मध्ये. मधला काळ डी अँड डीची मालक असलेली अमेरिकी कंपनी आणि ही लंडनची कंपनी यांच्या ताणाताणीत गेला. अमेरिकेकडून विलीनीकरणाचा प्रस्ताव आला होता, लंडनने तो नाकारला. मग अमेरिकी कंपनीने 1980 मध्ये ब्रिटनमध्ये स्वतःचीच शाखा उघडली, आणि तिच्या प्रमुखपदी बसवलं ते ‘फीन्ड फॅक्टरी’च्या त्याच संपादकाला. एकाधिकार गेले. शाखेने 1983 मध्ये ‘इमॅजिन’ हे मासिकही काढलं, ते 30 अंकांनंतर 1985 मध्ये बंद पडलं. 93 व्या अंकावर चिडणारे या घटनांचा उल्लेख सहसा करत नाहीत, पण खरी फाटाफूट इथेच झालेली दिसते.

कारण आता हिशेब बदलला होता. दुसऱ्याचा खेळ आयात करून विकण्यात अडत्याची कमाई. त्यात 1985 च्या सुरुवातीला पौंड घसरत घसरत डॉलरच्या जवळपास बरोबरीला आलेला, म्हणजे अमेरिकेतून येणारी प्रत्येक पेटी महाग. उलट 1979 मध्ये काढलेल्या बाहुल्यांच्या कारखान्याचा सगळा नफा घरातच राहणार. त्या बाहुल्या डझनांनी खपाव्यात म्हणून 1983 मध्ये ‘वॉरहॅमर’ हा बाहुल्यांच्या लढायांचा खेळ आला, 1987 मध्ये ‘वॉरहॅमर 40,000’. संस्थापक तोवर ‘तूच नायक’ पद्धतीच्या (पुढे काय करायचं ते वाचकाने निवडायच्या) पुस्तकांच्या अफाट यशात गुंतलेले होते. कारभार त्या बाहुल्यांच्या कारखानदाराच्या हाती गेला आणि 1986 मध्ये मासिकाचं बिऱ्हाड लंडनहून नॉटिंगहॅमला हललं. लंडनच्या संपादकीय मंडळींनी निरोप घेतला तो आपल्या पद्धतीने : मे 1986 च्या 77 व्या अंकात अनुक्रमणिकेतल्या ओळींची पहिली अक्षरं उभी वाचली, की नव्या साहेबांना नावानिशी घातलेली शिवी तयार होते. अंक तसाच छापून विकला गेला.

आता वादाचा मुख्य शब्द : ‘हाऊस मॅगझिन’, आपल्या भाषेत गृहपत्रिका, म्हणजे कंपनीने स्वतःच्याच कामासाठी काढलेली पत्रिका. ‘स्वतंत्र मासिकाची गृहपत्रिका झाली’ ही तक्रार गेली जवळपास चाळीस वर्षं चालू आहे. ती मला अर्धीच पटते. व्हाइट ड्वार्फ पहिल्या अंकापासून एका दुकानदाराचं मासिक होतं. डी अँड डीवर पानंच्या पानं भरत होती तेव्हा ब्रिटनमध्ये डी अँड डी विकत कोण होतं? हेच. रूनक्वेस्ट आणि कथुलूच्या ब्रिटिश आवृत्त्या कोण छापत होतं? पुन्हा हेच. दुकानात माल दुसऱ्यांचा होता म्हणून मासिक मोकळं वाटत होतं. माल घरचा झाला, तसं मासिकही घरचं दिसू लागलं. एवढ्यापुरतं पाहिलं तर 93 व्या अंकात धोरण बदललंच नाही, बदललं ते कपाटातलं सामान. आणि हे उलटही घडू शकतं. आपल्याकडची ‘किर्लोस्कर खबर’ 1920 मध्ये कारखान्याची पत्रिका म्हणून निघाली आणि हळूहळू घराघरांत वाचलं जाणारं मासिक झाली. गृहपत्रिका हा शब्द आपोआप शिवी ठरत नाही.

तक्रारीचा उरलेला अर्धा भाग मात्र खरा आहे, आणि तो मालकीबद्दल नाही. जुन्या अंकात वाचक लिहीत असे. राक्षस त्याचे, तळघरं त्याची, जादूच्या वस्तू त्याच्या. एखाद्या नियमावरून पत्रांच्या पानावर चाललेली हमरीतुमरीही त्याचीच. परीक्षणात मालकाच्या मालाशेजारी दुसऱ्याचाही माल तोलला जाई, भले काटा थोडा कललेला असो. नव्या मासिकाला वाचकाकडून रंगवलेल्या सैन्याचे फोटो हवे होते. शाळकरी मुलाने पाठवलेली नवी जमात त्याला नको होती, कारण जमाती आता कारखान्यात साच्यातून निघत होत्या आणि त्यांचे हक्क ठरलेले होते. पुढच्या दशकात ‘हॉबी’ हा शब्दही आक्रसला. पूर्वी त्याचा अर्थ होता हे सगळे खेळ. मासिकाच्या भाषेत आता त्याचा अर्थ झाला एकाच कंपनीच्या बाहुल्या विकत घेणं, रंगवणं आणि लढवणं.

नव्वदनंतरच्या वाचकांना हे गाऱ्हाणं म्हाताऱ्यांचं वाटतं, आणि त्यांचंही चुकत नाही. त्यांच्या लेखी मासिकाचा सुवर्णकाळ म्हणजे रंगीत छपाई आणि पानभर मांडलेल्या लढाया.

फेब्रुवारी 2014 मध्ये मासिकाचं साप्ताहिक झालं. पानं कमी आणि मजकूर बहुतेक त्या आठवड्यात दुकानात येणाऱ्या मालाबद्दल. ते 131 अंक चाललं. तोवर गृहपत्रिका म्हणून नाकं मुरडणाऱ्यांना 1990 सालचे अंकसुद्धा साहित्य वाटू लागले होते. सप्टेंबर 2016 पासून पुन्हा मासिक सुरू झालं.

2024 च्या त्या 500 च्या आकड्यात एक गंमत आहे. साप्ताहिकाचे 131 अंक कंपनीने त्यात धरलेले नाहीत. 93 च्या आधीचे 92 मात्र धरलेले आहेत, शिवीवाल्या 77 व्यासकट.